आडव्यांचा रकाना

नूरमियाँ शेख रस्त्यानं चालायचे तेव्हा समोर बघायचे नाहीत. नजर पावलांच्या पुढं आठ-दहा हातांवर, खाली. वाटेत खिळा दिसला, बाटलीची काच दिसली, ट्रकच्या चाकाखालून उडालेला दगड दिसला, की वाकायचे, उचलायचे आणि कडेच्या चारीपलीकडं टाकायचे. बोलणं सुरू असलं तर ते तोडायचे नाहीत. वाकता वाकता पुढचं वाक्य यायचं. एकदा मी म्हटलं, "चाचा, आता तुम्ही रिटायर झालात."

"मी झालो," ते म्हणाले. "दगूड कुठं झालाय?"

बांधकाम खात्यात ते मैलकुली होते. पूर्वी रस्त्याचा एकेक तुकडा एकेका माणसाच्या हवाली असायचा. खड्डे बुजवायचे, कडेची झुडपं छाटायची, मोऱ्यांमधला गाळ उपसायचा, मैलाच्या दगडाला चुना लावायचा, हे त्याचं काम. नूरमियाँनी उभी नोकरी दिंद्रुडच्या अलीकडच्या एकाच तुकड्यावर काढली. बढती घेतली असती तर दुसरीकडं जावं लागलं असतं. "बढती घेऊन काय करू?" ते म्हणायचे. "तिकडची सडक माझ्या वळखीची न्हाई."

ते निवृत्त झाले आणि दोनेक वर्षांतच त्या रस्त्याचा राष्ट्रीय महामार्ग करायचं ठरलं. चार पदरी, मधे दुभाजक. त्याचा प्रकल्प अहवाल तयार करायचं काम पुण्यातल्या आमच्या कंपनीकडं आलं. रस्ता कुठून जाईल, किती रुंद असेल, पूल कुठं, मोऱ्या कुठं, खालून जायचे बोगदे कुठं, हे सगळं त्या अहवालात ठरतं. मी तेव्हा तिशीच्या आतली इंजिनिअर होते. मूळची अंबाजोगाईची, म्हणून सर्वेक्षणाला मलाच पाठवलं. स्थानिक माणूस हवा होता. खात्यातल्या एका ओव्हरसियरनं नूरमियाँचं नाव सुचवलं.

पहिल्या दिवशी ते माजलगावच्या लॉजवर मला भेटायला आले ते खात्याच्या जुन्या खाकी कोटात. खाली पांढरा लेंगा, डोक्यावर जाळीची टोपी. मी काम समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्याडम, तुमी कुठल्या?"

"अंबाजोगाईची."

"मग असं कावून बोलता?"

पुण्यात राहून मी 'हाय'चं 'आहे' केलं होतं आणि ते आता माझ्या तोंडात पक्कं बसलं होतं. मी हसण्यावारी नेलं. पण त्यांनी थट्टा केली नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

वाहनं मोजायला आम्ही दिंद्रुडच्या फाट्यावर बसलो. छापील तक्ते मी बरोबर आणले होते. मोटारी, बस, ट्रक, ट्रॅक्टर, दुचाकी, सायकल, बैलगाडी, प्रत्येकाला एक रकाना. नूरमियाँ सातवीपर्यंत शिकलेले. अक्षर मोठं आणि सावकाश. त्यांनी तक्ता दोन्ही हातांत धरून डावीकडून उजवीकडं वाचला, पाठीमागं उलटून पाहिलं आणि म्हणाले, "आडव्यांचा रकाना कुठाय?"

"आडवे म्हणजे?"

"सडकेनं जानारे ते उभे. सडक वलांडून जानारे ते आडवे."

"त्यांना यात मोजत नाहीत, चाचा."

"कावून?"

या 'कावून'चं उत्तर मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी दिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "दिल्लीहून नमुनाच असा येतो."

"दिल्लीला सडक वलांडत न्हाईत का कुनी?"

असं म्हणून त्यांनी तक्त्याच्या उजव्या अंगाला, समासात, पट्टी न लावता एक उभी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'आडवे'. पुढचे चार महिने प्रत्येक तक्त्यावर ते ती रेघ मारत राहिले. मी ते आकडे आधी बाजूला ठेवायचे. मग नुसतं वाचायला लागले आणि वाचता वाचता मला गावं दिसायला लागली. कुठल्या गावाची शाळा रस्त्यापलीकडं आहे, कुठं पाणी अलीकडं आणि जनावरं पलीकडं आहेत, सकाळी सातला कुठं बायका सरपणाला जातात, हे त्या वाकड्या रेघेच्या उजवीकडं लिहिलेलं असायचं.

त्यांची एक सवय मला फार उशिरा कळली. दिवसभर उन्हात, उघड्या रस्त्यावर काम. बरोबरची माणसं कुठंही आडोशाला जायची. मला तसं जाता यायचं नाही, म्हणून मी सकाळपासून पाणीच प्यायचे नाही. हे मी कुणाला बोलले नव्हते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून असं व्हायला लागलं की साडेअकराच्या सुमाराला नूरमियाँ एखाद्या घरापुढं जीप थांबवायला लावायचे, आत जाऊन घरातल्या बाईशी दोन शब्द बोलायचे आणि परत येऊन म्हणायचे, "म्याडम, हितं पानी गार हाय. घ्या जाऊन." आणि सगळ्यांना घेऊन पंधरा-वीस मिनिटं लांब निघून जायचे. घरातली बाई मला पाणी द्यायची आणि न विचारता मागच्या दाराकडं बोट दाखवायची. चार महिन्यांत त्यांनी हा विषय एकदाही तोंडातून काढला नाही. मीही आभार मानले नाहीत. कशाबद्दल मानले, ते सांगावं लागलं असतं.

या घरांमधलं एक घर केशरबाईंचं. सावरटेक नावाच्या गावात, अगदी रस्त्याला लागून. केशरबाई पन्नाशीच्या, कपाळावर हिरवं गोंदण, आवाज बांधावरून बांधावर जाईल असा. मला आधी त्या 'ताई' म्हणायच्या, आठवड्याभरात 'पोरी' म्हणायला लागल्या. नूरमियाँना मात्र पहिल्यापासून 'मियाँभाऊ'. ते मैलकुली असताना दुपारची भाकरी त्यांच्याच ओसरीवर बसून खायचे. त्यांचा नवरा वारला तेव्हा रानातली काढणी नूरमियाँनी दोन दिवस रजा टाकून करून दिली होती. हेही केशरबाईंनी सांगितलं म्हणून मला कळलं.

पहिली चूक मी मोरीच्या बाबतीत केली. चूक हा शब्द सोपा आहे, पण तो लिहिते. सावरटेकच्या पुढं एक उतार आहे. उपग्रहाच्या नकाशात तिथं ओढा दिसत नव्हता, म्हणून आराखड्यात दोन नळ्यांची साधी मोरी धरली होती. नूरमियाँ मला उतारावरच्या बाभळीपाशी घेऊन गेले. बाभळीच्या फांद्यांमध्ये, त्यांच्या छातीइतक्या उंचीवर, वाळलेलं गवत आणि काडीकचरा अडकलेला होता.

"हे पाखराचं घरटं न्हाई, म्याडम," ते म्हणाले. "पानी हितवर आलतं. दरसाल येत न्हाई. पन आलं की कुनाला इचारत न्हाई."

मी फोटो काढले. पुण्याच्या बैठकीत दाखवले. म्हटलं, "स्थळपाहणीत मला पुराच्या खुणा आढळल्या." तिथं मोठा पूल मंजूर झाला. सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. नकाशावर विसंबून न राहता पायी फिरणारा इंजिनिअर असा असतो, म्हणाले. मला नूरमियाँचं नाव घेता आलं असतं. जागा होती, वेळ होता. मी नुसती हसले.

त्यांना पूल मंजूर झाल्याचं सांगितलं तेव्हा दुसऱ्या दिवशी ते घरच्या झाडाची सीताफळं पिशवीभर घेऊन आले. "तुमी ऐकलं म्हून झालं," म्हणाले. ती सीताफळं मी पुण्याला नेली आणि ऑफिसात वाटली.

सावरटेकचं गाव रस्त्याच्या उत्तरेला आहे. रानं, विहीर आणि हायस्कूल दक्षिणेला. म्हणजे अख्खं गाव रोज आडवं. तिथं बोगदा लागणार हे उघड होतं, पण अहवालाला उघड गोष्टीचाही पुरावा लागतो. नूरमियाँ म्हणाले, "सात दिवस मोजू. पन दसऱ्याच्या आत. दिवाळी झाली की अर्धं गाव कारखान्यावर ऊस तोडाया जातं. तवा मोजलं तर म्हाताऱ्या मान्सांचा आकडा येतोय." पुण्यातलं आमचं वेळापत्रक डिसेंबरचं होतं. मी ते त्यांच्या सांगण्यावरून अलीकडं आणलं.

सोयाबीन काढणीला आलं होतं. केशरबाईंच्या ओसरीसमोरच्या लिंबाखाली नूरमियाँ सात दिवस उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत बसले. पाच-पाच रेघांचे गठ्ठे. माणसं वेगळी, बैल वेगळे, शेरडं वेगळी, हायस्कूलच्या मुली वेगळ्या. दुपारी उठून बांधाकडं जायचे, गमछा अंथरून नमाज पढायचे. तेवढा वेळ केशरबाई त्यांच्या जागेवर बसून रेघा ओढायच्या. त्या आठवड्यातला एक दिवस सर्वपित्री अमावस्येचा निघाला. घरोघर पितरांचा स्वयंपाक, रस्ता ओलांडून कुणी जाईना. त्या दिवशीही नूरमियाँ बसले, आणि संध्याकाळी तक्ता माझ्या हातात देताना म्हणाले, "आजचा धरू नका, म्याडम. आज कुनी रानात जात न्हाई." तसं त्यांनी तक्त्यावर लिहिलंही होतं. 'आज आमवशा.' खाली सही.

शेवटच्या दिवशी गावकरी मारुतीच्या पाराजवळ जमले. एकानं विचारलं, "ताई, एवढी मोठी सडक होनार. आमी रानात जायचं कसं?"

अशा वेळी काय बोलायचं हे आम्हाला शिकवलेलं असतं. अंतिम निर्णय सक्षम अधिकारी घेतील, वगैरे. मी तसं सुरू केलं होतं. नूरमियाँ मधेच म्हणाले, "म्याडमनी सात दिस मोजून घेतलंय. बोगदा व्हईल."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

पुण्याच्या ऑफिसात भिंतीवर मोठा पडदा होता. त्यावर देशाचा नकाशा आणि त्यात तांबड्या रेघा. कुठल्या बंदरापासून कुठल्या शहरापर्यंत जायला किती वेळ वाचेल ते रेघेवर लिहिलेलं असायचं. वाचलेला वेळ हा आमच्या अहवालांचा प्राण. पण तो उभ्यांचा वेळ. आडव्यांचा जो वेळ जाईल तो कुठल्याच सूत्रात धरलेला नसतो. हे मला नूरमियाँमुळं कळलेलं होतं. न कळता केलं असतं तर आज एवढं बोचलं नसतं.

आमच्या टप्प्यात किती बोगदे बसवायचे ते वरून ठरून आलेलं होतं. त्यात सावरटेकपासून तीन किलोमीटरवर एका पुढाऱ्याचं कॉलेज उभं राहत होतं, आणि तिथं बोगदा हवा असा निरोप आला. म्हणजे कुठला तरी एक गाळायला हवा, आणि जवळचा म्हणून बोट सावरटेकवरच आलं. सरांनी सगळे आकडे मागवले. सावरटेकचा आकडा सगळ्यांत मोठा होता.

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला खोटं लिहायला सांगितलं नाही. ते एवढंच म्हणाले, "देशभराचे रस्ते आखायचे तर प्रत्येक गावाच्या मनासारखं होत नाही गं. बघ, काही बसवता येतंय का."

मी बसवलं. तक्ते पुढं ठेवले आणि सातांतून एक निवडला. अमावस्येचा. नियमावलीत अशा ठिकाणी किमान एका दिवसाची मोजणी असावी असं होतं. मी एका दिवसाची दिली. टंकलेखन करताना 'आज आमवशा' हे शब्द गाळले. तारीख खरी, आकडा खरा. गणकाच्या नावापुढं 'नूरमियाँ शेख' हेही खरं. बाकीचे सहा तक्ते मी एका लखोट्यात घालून कपाटात ठेवले. फाडले नाहीत. फाडले नाहीत याचं मला त्या दिवशी समाधान वाटलं होतं.

रस्त्याचं काम सुरू झालं आणि नूरमियाँचा फोन आला.

"म्याडम, सावरटेकला बोगद्याचं खोदकाम दिसंना."

"वरून बदल झाला, चाचा. आमच्या हातात नव्हतं."

त्यांनी विचारलं, "कागदात काय लिव्हलतं?"

"तुमचेच आकडे दिले होते."

"सातीच्या साती?"

"हो."

"बरं," ते म्हणाले. "मग सांगतो गावाला. आपून दिलतं म्हून."

आणि त्यांनी सांगितलं. माझ्या शब्दावर ते गावात जाऊन सांगून आले की म्याडमनी सातही दिवसांचे आकडे दिले होते, सरकारनं मानले नाहीत.

त्यानंतर त्यांचे दोन-तीन फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत.

तीन-चार वर्षं गेली. महामार्ग झाला. मी कंपनीत वर चढले आणि झालेल्या रस्त्यांवर कुठं अपघात होतात, का होतात, ते तपासायच्या कामावर आले. एक दिवस यादीत सावरटेकचं नाव आलं. गावानं अर्ज केला होता. दुभाजक फोडून लोकांनी ये-जा करायला वाट पाडली होती, आणि त्या जागी गावातले दोघं गेले होते. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. मी गेले.

केशरबाई ओसरीवरच होत्या. मला पाहून उठायला लागल्या तेव्हा दिसलं, त्यांना काठी लागत होती. एका मोटारसायकलनं उडवलं होतं. वाचल्या, पण डावा पाय कायमचा आखडला होता. आत नेऊन त्यांनी चहा ठेवला. ओसरीसमोरचा लिंब नव्हता. रुंदीकरणात गेला होता.

"पोरी, तू लई झटलीस आमच्यासाठी," त्या म्हणाल्या. "पन त्या मियानं घात केला."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"माहितीच्या अधिकारात कागद काढला गावानं. सात दिस बसल्याचं निसतं सोंग. कागदात एकच दिस. अन् त्यो बी पितरांच्या आमवशाचा. खाली त्याचंच नाव. हितं माझ्या दारात बसून, माझी भाकर खाऊन." त्या चुलीकडं बघत बोलत होत्या. "तुला बी फसवलंच की त्यानं. तुला वाटलं आसंल, म्हातारा मानूस, खरंच देत आसंल सगळे कागद."

मी बशीत चहा ओतला. प्यायले. त्या वेळी एक वाक्य पुरेसं होतं. ते मनात तयार झालं, जिभेपर्यंत आलं, आणि मी म्हटलं, "पाय फार दुखतो का?"

तिथून मी दिंद्रुडला नूरमियाँच्या घरी गेले. दोन खोल्या, पुढं पत्र्याचा आडोसा. त्यांच्या मुलीनं दार उघडलं आणि मला ओळखून दार तसंच सोडून आत गेली. नूरमियाँ बाजेवर बसले होते. खूप वाळले होते. माझ्यासाठी जागा करायला बाजूला सरकले.

"सावरटेकला गेलते का, म्याडम?"

"हो."

"मग कळलं आसंल."

मी म्हटलं, "चाचा, कागद आला तेव्हा तुम्हाला समजलं ना, की मी..."

"समजलं. आमवशा लिव्हल्याली काढून टाकलीत ते बी समजलं."

"मग गावाला का नाही सांगितलंत? माझं नाव का नाही घेतलंत?"

ते बराच वेळ हातातली टोपी फिरवत राहिले. "पयल्यांदा राग आला," ते म्हणाले. "लई आला. पोरगी म्हनली, अब्बा, जाऊन सांगा. निघालो बी होतो. मग म्हनलं, सांगून काय व्हईल? तुमच्यावर चौकशी लागंल. चौकशीची फाईल येगळी, कामाची फाईल येगळी. चौकशी लागली की कामाची फाईल तिच्याखाली दबती. मी खात्यात पाहिलंय ते. धा-धा साल दबती." त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "आन् मी मियाँ मानूस. मी म्याडमवर ढकललं आसतं तर गाव म्हनलं आसतं, आता बाईमानसाच्या आड लपतोय."

मग ते म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. बाकीचे सा कागद हायत का फाडले?"

"आहेत."

"मग द्या. त्यांच्यावर माझी सही हाय. तुमची लागत न्हाई."

माफी मागायला गेलेले मी. आठ दिवसांनी तो लखोटा मी कुरियरनं पाठवला. आत चिठ्ठी टाकली नाही, वर पाठवणाऱ्याच्या जागी कंपनीचा पत्ता. ते सहा कागद घेऊन नूरमियाँ बीडच्या महामार्ग ऑफिसात किती वेळा गेले ते मला माहीत नाही. दोन-तीन महिन्यांनी संयुक्त पाहणीचं पत्र निघालं. मोठे साहेब सावरटेकला येणार, कंपनीतर्फे मी हजर राहायचं.

रस्त्याच्या कडेला मंडप घातला होता. गाव जमलं होतं. केशरबाई पुढच्या खुर्चीवर होत्या. नूरमियाँ मंडपाच्या बाहेर, उन्हात उभे. त्यांना आत या असं कुणी म्हटलं नाही. साहेबांनी बोलावल्यावर ते आले आणि सहा कागद टेबलावर मांडले, तारखेप्रमाणं. साहेब वाचत गेले. समासातली ती वाकडी रेघ त्यांनी बोटानं तपासली.

"मोजणी पक्की आहे," ते म्हणाले. "हे आकडे असते तर तेव्हाच बोगदा झाला असता. अहवालात का नाही आले?"

ते आधी माझ्याकडं बघत होते. कंपनीचा माणूस म्हणून प्रश्न माझाच होता. माझ्या हातात अहवालाची प्रत होती. मी पान उघडलं. का उघडलं, माहीत नाही. मला त्यात काही शोधायचं नव्हतं. आपल्याला अजून क्षणभर मिळावा म्हणून माणूस पानं उलटतो.

"माझ्याकडंच ऱ्हायले, साहेब," नूरमियाँ म्हणाले. "एकच दिला, बाकीचे घरात ऱ्हायले. म्हातारपन. चूक माझी हाय."

मंडपात कुजबुज झाली. मागून कुणीतरी म्हटलं, "आता कबूल करतोय बघा." केशरबाईंनी मान फिरवली. साहेबांनी माझ्याकडं बघितलं आणि मी अहवाल मिटला.

बोगदा मंजूर झाला, बांधूनही झाला. काम सुरू व्हायच्या आत नूरमियाँ गेले. त्यांच्या मुलीनं मला कळवलं नाही, खात्यातल्या त्याच ओव्हरसियरकडून कळलं. केशरबाईंना मी अजून सांगितलेलं नाही. हे लिहून झालं की आधी त्यांच्याकडं जाईन असं म्हणते. असं मी याआधीही म्हटलेलं आहे.

नूरमियाँना मी शेवटचं पाहिलं ते त्या पाहणीच्याच दिवशी. मंडपात साहेबांसाठी नाश्ता लागला होता. मी लवकर निघाले. गाडी रस्त्यावर आली तर समोर, दुभाजक फोडलेल्या जागेपाशी, नूरमियाँ उभे होते. दिंद्रुडची बस पलीकडून मिळायची. थोड्या अंतरावर केशरबाईही काठी टेकत येऊन थांबल्या. त्यांना रानात जायचं असावं. दोघांत बोलणं नव्हतं. एकामागून एक ट्रक चालले होते. नूरमियाँ थोडा वेळ थांबले. मग दोन पावलं पुढं रस्त्यात गेले आणि येणाऱ्या गाड्यांच्या दिशेनं उजवा हात उंच धरला. एक ट्रक करकचून थांबला. त्याच्या मागं आमची गाडी थांबली. केशरबाई त्यांच्यामागून, चार हात अंतर ठेवून, खाली बघत सावकाश निघाल्या. आखडलेला पाय ओढत त्या दुभाजकापर्यंत पोचल्या, मग पुढच्या दोन पदरांवर तसंच त्यांच्यामागून, आणि पलीकडं उतरून मागं न बघता बांधाच्या वाटेला लागल्या. त्या पूर्ण उतरेपर्यंत नूरमियाँचा हात वर होता.

आमची गाडी पुढं निघाली. ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला, "म्हाताऱ्यानं भर रस्त्यात गाडी अडवली. वळखीचे होते का, म्याडम?"

"न्हाई," मी म्हटलं. "आमच्याकडं कामाला होते."